पत्त्याचा पुरावा

मुलींचे वसतिगृह, पुणे
२० नोव्हेंबर २००६

ती. पार्वतीआत्यास,
उन्नतीचा शि. सा. न. वि. वि.

पोचल्याचं पत्र टाक असं तू बजावलं होतंस, ते टाकायला मी जवळजवळ महिना लावला. रागावू नकोस. फोन हातात घेतला की मला बोलायला काही सुचत नाही आणि तू पलीकडून हॅलो हॅलो ओरडत राहतेस. पत्रात निदान तू मध्ये बोलत नाहीस.

मी ठीक आहे. खरंच ठीक आहे, आणि तेच मला विचित्र वाटतं. बाबांना जाऊन दोन महिने झाले. मी सकाळी उठते, वर्गात जाते, मेसमध्ये जेवते. काय जेवले ते विचारलंस तर सांगता येणार नाही. दहाव्याला रडले नाही म्हणून गावच्या बायका कुजबुजल्या ते मी ऐकलं होतं. रडू आलंच नाही, त्याला मी काय करू?

जुलैत मी एक अर्ज केला होता, तुला अर्धवट सांगितलं होतं. आमच्या साबडे मॅडमनी कॉलेजच्या फळ्यावर नोटीस लावली होती, आशिया आणि पॅसिफिकच्या देशांतल्या कायद्यांत रस असलेल्या विद्यार्थ्यांसाठी. निबंध स्पर्धा होती, सहा आठवडे परदेशातल्या ग्रंथालयात काम करायची संधी होती, आणि सगळ्यात मोठं म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या एका विद्यापीठात वर्षभर शिकायची शिष्यवृत्ती. वर्गातले बाकीचे लंडन-अमेरिकेकडे डोळे लावून बसलेत, त्यामुळे अर्ज आम्ही तिघांनीच केला. मी पॅसिफिकमधल्या बेटांवरच्या जमिनीबद्दल लिहिलं. तिथे काही ठिकाणी जमीन एका माणसाची नसते, कुळाची असते, आणि मुलगी लग्न होऊन गेली की रीतीप्रमाणे तिचा हक्क सुटतो. कोर्टं त्याला काय म्हणतात, यावर बावीस पानं लिहिली. बाबांना सगळी मराठीत सांगितली होती. ते ओटीवर बसून मन लावून ऐकायचे.

अर्ज त्यांनीच भिवंडीच्या पोस्टात नेऊन टाकला. मी वसतिगृहाचा पत्ता घालणार होते, तर म्हणाले, वसतिगृह हा काय पत्ता आहे, आज आहे उद्या नाही. कायमच्या पत्त्यात आपलं अंजूरचं घर लिहायला लावलं. एक रकाना मी रिकामाच सोडला होता, अर्जदाराचा या विषयाशी स्वतःचा काय संबंध आहे, असा. मला काही सुचलं नव्हतं. निवड झाली तर मुलाखतीचं पत्र अंजूरलाच येईल. जानेवारीत मुंबईत मुलाखती आहेत. मला जायचं आहे. हे लिहिताना आत काही हलत नाही, पण जुलैत फार वाटत होतं, तेव्हा तेच खरं धरते.

दादाचा निरोप आहे, ८ डिसेंबरला भिवंडीला सहीला ये. आपली तिन्ही शेतं तो गोडाऊनवाल्याला देतोय, त्यासाठी माझं हक्कसोडपत्र हवं आहे. जाईन. तुझीही सही लागणार असं म्हणत होता. तुझा गुडघा कसा आहे? उत्तर लवकर लिही, माझ्यासारखं करू नकोस.

तुझ्या लोभावरच आहे,
उन्नती


खारबाव
२७ नोव्हेंबर २००६

चि. उन्नतीस,
पार्वतीआत्याचे अ. उ. आ.

महिन्याने पत्र टाकतेस आणि वर मीच मध्ये बोलते म्हणतेस! तीस वर्षं बालवाडी चालवली मी, मध्ये बोलल्याशिवाय कुणाचा शेंबूड पुसला गेला असता का? असो. पत्र दोनदा वाचलं. रडण्याचं मनावर घेऊ नकोस. यायचं तेव्हा येईल. गावच्या बायकांचं काय, त्यांना दहाव्याला रडलीस तरी बोलायचं असतं आणि नाही रडलीस तरी. जेवत मात्र जा. काय जेवलीस ते पुढच्या पत्रात लिहून कळव, ही माझी अट.

तुझी ती बेटं मला ओळखीची वाटली. खाडी, मासे, नारळ आणि बांधावरून भांडणं, एवढ्यासाठी सरकारी खर्चाने ऑस्ट्रेलियाला जायचं म्हणजे कमालच! अंजूरला ये, मी फुकट दाखवते. पण जा बाई, जरूर जा. तुझा बाप सावळाराम मला भेटेल तेव्हा तेच सांगायचा, आपली उन्नती समुद्रापलीकडे जाणार म्हणून. एवढा बोलायचा की मी कंटाळायचे.

आता सहीचं. आपल्याकडची रीत तुला ठाऊक आहे. जमिनीचा सौदा ठरला की बहिणींनी रिक्षात बसून भिवंडीला जायचं, सह्या-अंगठे द्यायचे, भावाने साडी घ्यायची, खानावळीत जेवायचं आणि साडीची पिशवी घेऊन सासरी परतायचं. जी सही देत नाही तिला भाऊबीजेला कुणी बोलवत नाही. माझ्या सगळ्या मैत्रिणींनी दिल्या. तुझ्या बापाने मात्र माझी सही कधी मागितली नाही. आमचे अण्णा गेले तेव्हा स्वतः तलाठ्याकडे जाऊन सातबाऱ्यावर त्याच्या नावाशेजारी माझं नाव लावून आला. वर मलाच म्हणतो, साडीचा खर्च वाचला. असा माणूस.

तुझा दादा केसरीनाथ पेढे घेऊन आला होता. तुझ्यासोबत मलाही त्याच दिवशी नेणार होता. मी गुडघा दाखवला, चांगला सुजलाय, खोटं नाही. उतरला की बघू म्हटलं. तू सही कर, नको करू, ते मी सांगणार नाही. पण करण्याआधी वाच. सबंध घराण्यात तू एकटी वकील होणार, निदान स्वतःचा कागद तरी वाच. आणि ते मुलाखतीचं पत्र आलं का, हे केसरीनाथला विचारायला विसरू नकोस.

आशीर्वाद आहेतच, उत्तराची वाट पाहते.
तुझी आत्या


पुणे
११ डिसेंबर २००६

ती. आत्यास,
उन्नतीचा शि. सा. न. वि. वि.

सही केली. वाचलं नाही.

तू ओरडशील म्हणून आधीच सांगते. दादा आणि निशावहिनी स्टँडवर घ्यायला आले होते. निबंधक कार्यालयाच्या बाहेर बाकावर दीड तास बसलो. रघू दलाल आत-बाहेर करत होता. मग बोलावलं, खुर्चीत बसवून फोटो काढला, अंगठा घेतला. कागद माझ्यापुढे होता, मराठीत होता, अक्षरही मोठं होतं. मी बघत होते पण आत काही जात नव्हतं. जिथे पेन्सिलीने फुली मारली होती तिथे सही करत गेले. कुणी घाई केली नाही गं. मागितलं असतं तर वाचायला दिलं असतं. मला मागावंसं वाटलं नाही.

साहेबांनी विचारलं, हे स्वखुशीने आहे ना. मी हो म्हटलं. खोटं म्हणता येणार नाही, कारण नाखुशीही नव्हती.

फाइलीत बाकीच्या कागदांमध्ये एका पाकिटाचा कोपरा दिसत होता. त्याच्या तिकिटावर पक्षी होता, निळ्या चोचीचा. रघू म्हणाला की तो पत्त्याचा पुरावा. मी त्या पक्ष्याकडेच बघत राहिले, छान होता.

वहिनीने साडी दिली, आकाशी. खानावळीत जेवलो. तू विचारलं होतंस म्हणून आठवून बघितलं, आठवत नाही. साडेतीनची एस.टी. धरली. मुलाखतीच्या पत्राचं विचारायचं राहिलं. आलं असतं तर दादाने सांगितलं असतंच.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
उन्नती


पुणे
९ जानेवारी २००७

ती. दादास,
उन्नतीचा सा. न. वि. वि.

काल साबडे मॅडमनी शिष्यवृत्तीवाल्यांच्या मुंबई ऑफिसात फोन केला. माझी निवड झाली होती. मुलाखत ५ जानेवारीला होती, ती झाली. मी का आले नाही असं त्यांनीच मॅडमना विचारलं. पत्र नोव्हेंबरातच अंजूरच्या पत्त्यावर पाठवलं होतं म्हणतात.

रघूच्या फाइलीत पक्ष्याचं तिकीट लावलेलं पाकीट होतं. ते तेच होतं ना?

मी रागावलेली नाही. राग आला असता तर बरं झालं असतं. ते पाकीट तेवढं परत मिळव आणि पाठव. वहिनीला नमस्कार.

तुझी धाकटी,
उन्नती


अंजूर
१५ जानेवारी २००७

चि. उन्नतीस,
केसरीनाथचे आशीर्वाद. वि. वि.

मला पत्र लिहायची सवय न्हाय, चुकलं तर हसू नको. पाकीट तेच होतं. पोस्टमन देऊन गेला, मी देव्हाऱ्यात ठेवलं, म्हटलं सहीला आलीस की हातात देऊ. मला इंग्रजी येत न्हाय हे तुला ठाऊक हाय. सहीच्या आदल्या दिवशी रघू म्हणाला, मुलगी अंजूरला राहते याचा काहीतरी कागद दे, तिच्या नावाचा. लाइटचं बिल बाबांच्या नावाने. फोन बाबांच्या नावाने. रेशनकार्ड बाबांचं नाव कमी करायला ऑफिसात दिलेलं. तुझे शाळा-कॉलेजचे दाखले तुझ्याकडे. सगळ्या घरात तुझ्या नावाचा दुसरा कागद निघाला न्हाय. मग ते पाकीट दिलं. सही झाल्यावर काढून घेऊ असं डोक्यात होतं. तू एस.टी.त बसलीस आणि माझ्या डोक्यातून गेलं. देवाशप्पथ यात दुसरं काही न्हाय.

आता आत्या सही देत न्हाय. काल तीळगूळ द्यायला गेलो, तुझं पत्र दाखवलं, तर म्हणाली, आधी पोरीचं पत्र आण, मग सहीचं तोंड काढ. गुडघा बरा हाय तिचा, टणाटण चालते. गोडाऊनवाला फेब्रुवारीपर्यंत थांबणार, मग दुसरीकडे घेणार. गावात सगळ्यांची शेतं गेली, मधोमध आपलंच राहिलं तर पीक तरी कसं काढू? तू तिला सांग. तुझं ती ऐकते.

बहीण म्हणून मनात काही ठेवू नको.
तुझा दादा


खारबाव
२३ जानेवारी २००७

चि. उन्नतीस,
आत्याचे अ. उ. आ.

सोबत रजिस्टरने पाकीट पाठवत आहे. केसरीनाथने रघूच्या मागे लागून सोडवून आणलं. फाइलीत लावायला त्या मेल्याने पाकिटाला दोन भोकं पाडलीत, आतल्या कागदांनाही पडली असणार. मी उघडलेलं नाही. तुझं आहे, तू उघड.

केसरीनाथ दारात उभा राहिला तेव्हा मी त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही. नंतर विचारलं. तोंड एवढंसं झालं होतं त्याचं. तुला सांगते, राग फार आला होता, पण त्याने घरात तुझ्या नावाचा कागदच नव्हता असं सांगितलं आणि मी पाणी आणायला उठले. खरंच नव्हता गं. आपल्या कुणाच्या डोक्यात कधी आलंच नाही.

आणखी एक उद्योग केला आहे. त्या शिष्यवृत्तीवाल्यांना मी मराठीतून पत्र लिहिलं आहे, तेही यात आहे. मुलीचा बाप सप्टेंबरात गेला, तुमचं पत्र चुकून जमिनीच्या कागदांत बांधलं गेलं, मुलगी गुणी आहे, एकदा बोलून बघा, एवढंच लिहिलं. तुझ्या मॅडमना इंग्रजी करायला सांग. खाली माझा हुद्दा लिहिलाय, बालवाडी शिक्षिका, निवृत्त. हसू नकोस.

आता सरळ विचारते. मी सही करू का? तू पुतणी म्हणून सांगू नकोस, केसरीनाथची बहीण म्हणूनही नको. वकील म्हणून सांग. माझा हक्क काय आहे, तो गेला तर काय जातं, ते मला कुणी आजवर समजावलेलं नाही.

काळजी वाटते, म्हणून जरा जास्तच बोलले.
तुझी आत्या


पुणे
६ फेब्रुवारी २००७

ती. आत्यास,
उन्नतीचा शि. सा. न. वि. वि.

आधी एक कबुली. चूक एकट्या दादाची नाही. शिष्यवृत्तीवाल्यांनी ईमेलही केला होता. बाबा गेल्यापासून मी ईमेल उघडलाच नव्हता, परवा मॅडमच्या समोर बसून उघडला. तेच पत्र नोव्हेंबरापासून तिथे पडलं होतं, डिसेंबरात एक आठवणही होती. मी महिनाभर मनातल्या मनात दादाला दोष देऊन बसले. त्याला तसं लिहिलं आहे.

तुझ्या पत्राचं इंग्रजी मॅडमनी केलं, स्वतःचं जोडलं आणि पाठवलं. हुद्दा जसाच्या तसा ठेवला. शिष्यवृत्तीवाल्यांचं उत्तर आलं, १९ तारखेला फोनवर मुलाखत घेतील. शब्द देत नाहीत, पण ऐकतील.

पाकिटात मुलाखतीच्या पत्राबरोबर माझ्या अर्जातल्या एका पानाची झेरॉक्स होती. मी रिकामा सोडलेला तो रकाना, या विषयाशी स्वतःचा काय संबंध, तो भरलेला होता. बाबांनी पोस्टात टाकण्याआधी भरला असणार, मला न सांगता. मराठीत, त्यांच्या त्या तिरक्या अक्षरात. हिची जमीन अंजूरला आहे, खाडीकडचं शेत हिच्या नावाने करायचं आहे. वरून सही, सावळाराम. तिकडच्या लोकांनी त्याचं इंग्रजी करून घेऊन त्याखाली रेघ मारून लिहिलं होतं, मुलाखतीला येताना या जमिनीचा एखादा कागद सोबत आणा. दोन भोकांपैकी एक त्या ओळीतून गेलंय.

ते वाचून मी मेसमध्ये गेले. वांग्याची भाजी होती, खारट. बघ, सांगता आलं. ताटावरच रडू आलं, मग थांबेना. मुली घाबरल्या. आता पुन्हा पहिल्यासारखीच आहे, पण एकदा आलं.

आता तुझा सल्ला. तिन्ही शेतांत अर्धा हिस्सा तुझा आहे. तो तुला कुणी दिलेला नाही, तो तुझाच आहे. तू हिस्सा वेगळा करून मागू शकतेस, तोही कोणत्या शेतात ते बोलून ठरवता येतं. सही दिलीस तर पुढे पस्तावून उपयोग नाही. माझ्याकडून काही लबाडी करून घेतलेली नाही, मी स्वखुशीने म्हटलंय, ते परत घ्यायला मी जाणार नाही. माझ्यासाठी सही अडवू नकोस आणि दादासाठी देऊ नकोस. तुला काय हवं ते ठरव. वकील म्हणून दिलेला माझा हा पहिलाच सल्ला आहे. फी म्हणून मला सुक्या मासळीतलं कोलीम पाठव.

तुझीच,
उन्नती


पुणे
२१ फेब्रुवारी २००७

ती. आत्यास,
उन्नतीचा शि. सा. न. वि. वि.

कोलीम पोचलं, खोलीभर वास आहे आणि मुली मला शिव्या देत आहेत.

मुलाखत झाली. तीन जण होते. निबंधावरचे प्रश्न सोपे गेले. मग त्यांच्यातल्या एका बाईंनी, त्या स्वतः बेटावरच्याच आहेत, बाबांच्या ओळीबद्दल विचारलं. जमिनीचा कागद आहे का म्हणाल्या. मी सांगितलं की आहे, हक्कसोडपत्र आहे. आठ डिसेंबरला माझा हक्क मी सोडला, आणि तुमचं पत्र त्याला पत्त्याचा पुरावा म्हणून लावलं होतं.  

मग त्या बाईंनी हळूच विचारलं, आता त्या पत्त्यावर तुझं काय आहे. बावीस पानं लिहिली मी, पण त्यांत हे कुठेच नव्हतं. माझा भाऊ राहतो, एवढंच म्हटलं.

निकाल महिन्याभरात. काही वाटेनासं झालंय पुन्हा. तू काय ठरवलंस?

आठवण ठेव, बाकी मागत नाही.
उन्नती


अंजूर
१२ मे २००७

चि. उन्नतीस,
दादाचे आशीर्वाद. वि. वि.

तुझी निवड झाल्याचं आत्याने सगळ्या खारबावला सांगून झालंय, आता अंजूर धरलंय. रिक्षावालेसुद्धा मला विचारतात की बहीण कुठल्या बेटावर चालली. आत्याने सही दिली न्हाय ती न्हायच. वाटप करून रस्त्याकडची दोन शेतं गोडाऊनवाल्याला गेली आणि खाडीकडचं तिने स्वतःच्या नावावर घेतलं. मी पंधरा दिवस तिच्याशी बोललो न्हाय. मग तिनेच निशाकडे निरोप धाडला, भाऊबीजेला मी येणार, बोलवा नका बोलवू. ती येणार म्हणजे येणार.

पत्राचं कारण वेगळं हाय. काल तुझ्या पासपोर्टच्या चौकशीला पोलीस आला होता. चहा घेतला, तुझी माहिती लिहून घेतली. मग म्हणाला, मुलीच्या नावाचा इथला काही कागद दाखवा. रेशनकार्ड अजून ऑफिसातच हाय. निशाने पेटी उलटी केली, कपाट काढलं. घरात तुझ्या नावाचा एकच कागद निघाला, हक्कसोडीचा. त्याच्यावर तुझा फोटो हाय, अंगठा हाय, राहणार अंजूर असं लिहिलेलं हाय. तोच दिला.

त्याने तो मोठ्याने वाचला. मी पण आजवर वाचला नव्हता, उभ्या उभ्या ऐकला. यापुढे माझा व माझ्या वारसांचा सदर मिळकतीशी कोणताही संबंध राहिलेला नाही, असं त्यात हाय. निशा आत निघून गेली. पोलीस कागद घडी करत म्हणाला, संबंध न्हाय तर मग ती इथे राहते का, नक्की सांगा, मला तसं लिहावं लागेल.

मला फार लाज वाटली गं उन्नती. मी म्हणालो, राहते. हे तिचंच घर हाय. त्याने तसं लिहून घेतलं आणि खाली सहीची जागा दाखवली. या वेळी सही मी केली. वाचून केली.

जाण्याआधी चार दिवस घरी ये.
तुझा दादा